एक खाट, दोन रोगी

वैद्यकाचे नीतिशास्त्र शतकानुशतके दोन व्यक्तींभोवती उभे राहिले: एक वैद्य आणि त्याच्यासमोर आलेला एक रोगी. वैद्याने रोग्याला अपाय करू नये, त्याचे गुपित राखावे, त्याच्या हितापुढे स्वतःचा लाभ गौण मानावा, हे सारे नियम या दोघांच्या संबंधातून जन्मले. परंतु रुग्णालय ही संस्था अस्तित्वात आली आणि या चित्रात तिसरी व्यक्ती शिरली. ती म्हणजे दाराबाहेर उभा असलेला दुसरा रोगी. खाट एक आणि रोगी दोन असले म्हणजे पूर्वीचे नियम अपुरे पडतात. हित दोघांचेही साधावयाचे असते. पण एकाचे साधले तर दुसऱ्याचे राहून जाते.

दिल्लीच्या लोकनायक रुग्णालयात एप्रिल २०२१ मध्ये हा प्रश्न अक्षरशः डोळ्यांना दिसला. करोनाच्या दुसऱ्या लाटेत तेथे एकेका खाटेवर दोन-दोन रोगी प्राणवायूची नळी लावून पडले असल्याची छायाचित्रे प्रसिद्ध झाली. खाट अडचण सोसून दोघांत वाटता येते. श्वसनयंत्र, औषधाची पुरेशी मात्रा किंवा शल्यक्रियेची वेळ तशी वाटता येत नाही. तेथे कोणा एकाला ‘हो’ आणि दुसऱ्याला ‘नाही’ म्हणावेच लागते. हे ‘नाही’ कोणी म्हणावे, कोणत्या आधारावर म्हणावे आणि ज्याला ते ऐकावे लागले त्याला कोणते उत्तर देणे समाजाला बंधनकारक आहे, हा या प्रकरणाचा विषय आहे.

निवडीची जुनी उत्तरे

साधने अपुरी असताना रोग्यांची निवड करण्याची पद्धत प्रथम रणांगणावर आकाराला आली. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यविशारद लारे याने जखमींवर उपचार करताना हुद्द्याचा विचार करू नये, जखमेच्या गांभीर्याचा करावा, असा दंडक घातला. सेनापती आणि शिपाई यांना एकाच मापाने मोजणारा हा नियम त्या काळी क्रांतिकारकच होता. गरज हा त्याचा निकष होता.

दुसरे उत्तर इंग्लंडने दिले. दुसऱ्या महायुद्धानंतर क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिन हे नवे औषध अमेरिकेहून आयात करावे लागे आणि ब्रिटनजवळ डॉलर नव्हते. जे थोडे औषध मिळाले ते सर्व रोग्यांना पुरणे अशक्य होते. तेव्हा वैद्यकीय संशोधन मंडळाने १०७ रोग्यांची यदृच्छेने विभागणी केली. ५५ जणांना औषध दिले आणि ५२ जणांना त्या काळच्या प्रथेनुसार केवळ विश्रांती. १९४८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांत पहिल्या गटातील ४ व दुसऱ्या गटातील १४ रोगी दगावले होते. औषध सर्वांना पुरणार नव्हतेच, म्हणून ते चिठ्ठ्यांनी वाटणे अन्यायाचे ठरले नाही. उलट त्या वाटपातून पुढील पिढ्यांना खात्रीचे ज्ञान लाभले.

तिसरे उत्तर अमेरिकेतील सिॲटल शहराचे. तेथे १९६० साली डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी रोग्याच्या हातावर कायम बसविता येणारी एक नळी तयार केली आणि मूत्रपिंडे निकामी झालेल्यांना कृत्रिम मूत्रपिंडाच्या साहाय्याने वर्षानुवर्षे जगविणे शक्य झाले. यंत्रे मोजकी आणि रोगी अनेक. म्हणून सात नागरिकांची एक समिती नेमण्यात आली. तिच्यात वकील, धर्मोपदेशक, पेढीवाला, गृहिणी अशी माणसे होती. रोग्याचा विवाह झाला आहे काय, त्याची मिळकत किती, तो नियमाने प्रार्थनामंदिरात जातो काय, अशा गोष्टीही या समितीने विचारात घेतल्या. १९६२ साली एका साप्ताहिकातून ही हकीकत लोकांसमोर आली तेव्हा खळबळ उडाली. निवड करावी लागली याचा लोकांना तितका राग नव्हता; मध्यमवर्गीय माणसाने आपल्यासारख्याच माणसाची निवड केली, याचा होता. पुढे १९७२ साली अमेरिकेने कायदा करून या उपचाराचा खर्च शासनाकडे घेतला. म्हणजे निवडीचा निकष सुधारण्याऐवजी निवडीची गरजच बहुतांशी नाहीशी करण्यात आली. हा धडा पुढे पुन्हा उपयोगी पडणार आहे.

गरज, यदृच्छा आणि योग्यता या तीन निकषांत आणखी दोन मिळविले पाहिजेत: उपचाराचा अपेक्षित लाभ, म्हणजे कोण वाचण्याचा संभव अधिक, आणि रांग, म्हणजे जो आधी आला त्याला आधी. जगातील बहुतेक रुग्णालयांचा व्यवहार या पाच निकषांच्या कमीअधिक मिश्रणावर चालतो. दिल्लीचा व्यवहारही त्याला अपवाद नाही.

रांग आणि तिची निष्पक्षता

दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था १९५६ च्या कायद्याने स्थापन झाली. तिच्यासमोर, रस्त्यापलीकडे सफदरजंग रुग्णालय आहे. या दोन संस्थांच्या आसपास पदपथांवर व भुयारी मार्गांत अंथरुणे पसरून राहिलेली कुटुंबे हे राजधानीतील नित्याचे दृश्य आहे. बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेशातून आलेली ही माणसे तपासणीच्या किंवा शल्यक्रियेच्या तारखेची वाट पाहत असतात आणि ती तारीख कित्येकदा अनेक महिन्यांनंतरची असते. मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयाबाहेर ज्यांनी असे मुक्काम पाहिले असतील त्यांना या दृश्याची वेगळी ओळख करून देण्याचे कारण नाही.

रांग ही सर्वांत निष्पक्ष पद्धत आहे, असा समज असतो आणि त्यात तथ्यही आहे. रांग जात विचारत नाही, मिळकत विचारत नाही. पण रांगेत पहिले कोण येऊन उभे राहू शकते? ज्याचे गाव जवळ आहे, ज्याला गाडीभाडे परवडते, ज्याच्या ओळखीचा कोणी शहरात आहे, तो. आणि रांगेत टिकून कोण राहू शकतो? ज्याची रोजची मजुरी बुडाली तरी घरची चूल पेटते, तो. शिवाय रांगेला रोगाची प्रगती कळत नाही. तारीख मिळाली तेव्हा ज्या गाठीची शल्यक्रिया शक्य होती, ती गाठ तारीख उजाडेपर्यंत शल्यक्रियेच्या पलीकडे गेलेली असू शकते. म्हणून कोणत्याही जाणत्या रुग्णालयात रांग एकटी चालत नाही. तिच्यावर गरजेचा निकष बसवावा लागतो. तातडीच्या रोग्याला पुढे घेतले म्हणून मागच्या रोग्यावर अन्याय होत नाही. ओळखीच्या रोग्याला पुढे घेतले म्हणजे मात्र होतो. रांगेतील माणसाला बाहेरून या दोहोंतील फरक दिसत नाही, आणि संशय येथेच उत्पन्न होतो.

रांग संपली आणि खाट उरली नाही, तर शासनाचे कर्तव्य संपते काय? सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली याचे उत्तर दिले. पश्चिम बंगालमध्ये रेल्वेगाडीतून पडून जबर जखमी झालेल्या एका मजुराला १९९२ साली एकामागून एक शासकीय रुग्णालयांनी खाट नाही या कारणावरून परत पाठविले होते. शेवटी त्याला खासगी रुग्णालयात उपचार घ्यावे लागले. पश्चिम बंग खेत मजदूर समिती या संघटनेच्या याचिकेवर निर्णय देताना न्यायालयाने असे ठरविले की, तातडीचे उपचार नाकारणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भंग आहे आणि पैशाची चणचण ही सबब शासनाला सांगता येणार नाही. जखमी मजुराला २५,००० रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. तत्त्व स्पष्ट झाले; पण न्यायालयाच्या आदेशाने हक्क सिद्ध होतो, त्याच क्षणी खाट निर्माण होत नाही, ही अडचण उरलीच.

सीमेचा प्रश्न

दिल्लीच्या संदर्भात या अडचणीला एक खास रूप आहे. शहर एक आणि राज्ये अनेक, अशी राजधानी परिसराची घडण आहे. गाझियाबाद, नोएडा, गुरुग्राम, फरिदाबाद ही नगरे दिल्लीला इतकी चिकटून आहेत की, रस्ता ओलांडताना राज्य बदलल्याचे प्रवाशाच्या ध्यानातही येत नाही. पूर्व दिल्लीत दिलशाद गार्डन येथील गुरू तेगबहादूर रुग्णालय उत्तर प्रदेशाच्या सीमेलगत आहे. लोणी किंवा साहिबाबादच्या मजुराला सर्वांत जवळचे मोठे शासकीय रुग्णालय तेच.

१ ऑक्टोबर २०१८ पासून दिल्ली सरकारने या रुग्णालयात एक प्रयोग सुरू केला. तेथील ८० टक्के खाटा दिल्लीच्या रहिवाशांसाठी राखून ठेवण्यात आल्या. सरकारचा युक्तिवाद उडवून लावण्याजोगा नव्हता. दिल्लीच्या करदात्यांच्या पैशावर रुग्णालय चालते. बाहेरच्या रोग्यांमुळे दिल्लीच्या रोग्यांना ताटकळावे लागते. आणि शेजारच्या राज्यांनी आपल्या रुग्णालयांची जबाबदारी टाळली तर तिचा भार दिल्लीने का वाहावा? याच्या उलट बाजूचा युक्तिवाद असा की, रोग नकाशा पाहून येत नाही. दिल्लीतील घरे बांधणारा, भाजी विकणारा, कारखान्यात राबणारा माणूस रात्री सीमेपलीकडे झोपतो एवढ्याने तो परका ठरत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने १२ ऑक्टोबर २०१८ रोजी सरकारचा आदेश रद्द केला. राहण्याच्या पत्त्यावरून रोग्यारोग्यांत भेद करणे समानतेच्या आणि जीविताच्या हक्काशी विसंगत आहे, असे न्यायालयाचे मत पडले.

तरीही प्रश्न मिटला नाही. करोनाच्या पहिल्या लाटेत, ७ जून २०२० रोजी, दिल्लीच्या मंत्रिमंडळाने राज्य सरकारच्या व बहुतेक खासगी रुग्णालयांतील खाटा दिल्लीकरांसाठी राखून ठेवण्याचा निर्णय जाहीर केला. केंद्र सरकारची रुग्णालये सर्वांना खुली राहणार होती. दुसऱ्याच दिवशी नायब राज्यपालांनी तो निर्णय फिरविला. जुलैअखेर दिल्लीत साडेपाच लाख रोगी होतील आणि ८० हजार खाटा लागतील, असा सरकारचा त्या वेळचा अंदाज होता. प्रत्यक्षात ३१ जुलैपर्यंतची एकूण रोगीसंख्या सुमारे १ लाख ३५ हजार होती. यावरून सरकारला दोष देणे सोपे आहे. साथीच्या आरंभी असे अंदाज सर्वत्र चुकत होते. लक्षात घ्यावयाची गोष्ट निराळी आहे. टंचाई प्रत्यक्ष येण्यापूर्वीच, केवळ तिच्या भीतीने, दार कोणावर बंद करावयाचे हे ठरले आणि जे त्या ठरविण्यात सहभागी नव्हते त्यांच्यावरच ते बंद झाले. टंचाईच्या काळात ‘आपला’ आणि ‘बाहेरचा’ ही विभागणी प्रथम सुचते, कारण ‘बाहेरच्या’ला त्या राज्यात मत नसते.

सूत्रात दडलेला निर्णय

२० एप्रिल २०२१ रोजी दिल्लीत एका दिवसात २८ हजारांहून अधिक नवे रोगी नोंदले गेले. वैद्यकीय प्राणवायू तयार करणारे मोठे कारखाने दिल्लीच्या हद्दीत नव्हते. तो शेजारच्या राज्यांतून व पुढे ओडिशा, छत्तीसगडसारख्या दूरच्या पोलाद कारखान्यांच्या प्रदेशांतून आणावा लागत होता. २१ एप्रिलला केंद्राने दिल्लीचा दैनंदिन वाटा ३७८ टनांवरून ४८० टनांवर नेला, पण तेवढाही प्रत्यक्षात पोहोचत नव्हता. त्याच रात्री एका खासगी रुग्णालयाच्या याचिकेवर उच्च न्यायालयाला तातडीने बसावे लागले. २३ एप्रिलच्या रात्री रोहिणीतील जयपूर गोल्डन रुग्णालयात प्राणवायूचा दाब उतरल्याने सुमारे २० रोगी दगावल्याचे रुग्णालयाने सांगितले. १ मे रोजी बत्रा रुग्णालयात १२ रोगी मरण पावले. त्यांत त्याच रुग्णालयातील एक ज्येष्ठ डॉक्टर होते. सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीला दररोज ७०० टन प्राणवायू देण्याचा आग्रह धरला आणि देशभर वाटपाची शास्त्रीय पद्धत ठरविण्यासाठी १२ सदस्यांचे राष्ट्रीय कृतिदल नेमले.

या वादातील मुख्य मुद्दा एका सूत्राचा होता आणि तो नीट समजून घेण्याजोगा आहे. केंद्राच्या सूत्रानुसार अतिदक्षता विभागातील प्रत्येक खाटेला मिनिटाला २४ लिटर आणि इतर खाटेला १० लिटर प्राणवायू धरण्यात येई. मात्र इतर खाटांपैकी निम्म्यांनाच तो लागेल, असे गृहीत होते. समजा, एका रुग्णालयात अतिदक्षता विभागाच्या २० आणि इतर १०० खाटा आहेत. केंद्राच्या सूत्राने त्याची गरज मिनिटाला ९८० लिटर येते. त्या साऱ्या १०० खाटांवरील रोग्यांना प्राणवायू लागत असेल, तर ती १,४८० लिटर होते. दिवसाकाठी हा फरक ७ लाख लिटरांहून अधिक, म्हणजे वजनाने सुमारे एक टन भरतो. पहिले सूत्र वापरले आणि वस्तुस्थिती दुसरी निघाली, तर पहाटे केव्हातरी टाकी रिकामी होईल. दुसरे सूत्र वापरले आणि वस्तुस्थिती पहिली निघाली, तर या रुग्णालयाच्या टाकीत जो टन शिल्लक राहील तो दुसऱ्या कोणत्या तरी शहरातील टाकीतून कमी झालेला असेल.

म्हणजे ‘निम्म्या खाटा’ हे दोन शब्द वरवर गणिताचे दिसले तरी त्यांत एक नैतिक निर्णय सामावलेला होता. पुढे जून २०२१ मध्ये एका उपसमितीच्या अंतरिम अहवालात दिल्लीची मागणी अवास्तव होती असा निष्कर्ष आला आणि त्यावरून तीव्र राजकीय वाद झाला. त्या वादात कोणाची सरशी झाली यापेक्षा त्यातून निघणारे तत्त्व महत्त्वाचे आहे: जेथे साधन अपुरे असते तेथे सूत्र मांडणारा अधिकारीही, नकळत का होईना, कोणाच्या तरी खाटेशेजारी उभा असतो.

वयाचा निकष

प्राणवायूचा तुटवडा ओसरतो न ओसरतो तोच म्युकरमायकोसिस, म्हणजे लोकांच्या बोलण्यातील काळी बुरशी, या रोगाने डोके वर काढले. त्यावरील प्रभावी औषध लायपोसोमल अँफोटेरिसिन बी. त्याची नेहमीची मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ५ मिलिग्रॅम आणि एका कुपीत ५० मिलिग्रॅम. ६० किलो वजनाच्या रोग्याला दिवसाला ६ कुप्या, आणि त्या काही आठवडे, लागतात. एखाद्या रुग्णालयात २० रोगी आहेत आणि दिवसाला ६० कुप्या मिळतात, असे मानू. सर्वांना सारख्या वाटल्या तर प्रत्येकाला निम्मी मात्रा मिळेल. पण निम्म्या मात्रेने बुरशी आटोक्यात येईल याचा भरवसा नाही. पूर्ण मात्रा द्यावयाची तर दहाच जणांना देता येईल. समान वाटप सर्वांनाच अपुरे पडते, अशी ही स्थिती आहे. अन्न वाटण्याचा नियम औषधाला लागू पडत नाही, तो याच कारणाने.

१ जून २०२१ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने हा प्रश्न आडपडदा न ठेवता मांडला. औषध सर्वांना पुरत नसेल तर ते कोणाला आधी द्यावे याचे धोरण केंद्राने आखावे; ज्यांच्या जगण्याची शक्यता अधिक त्यांना आणि तरुण पिढीला त्यात प्राधान्य असावे, असे न्यायालयाने सुचविले. ज्यांनी आपले आयुष्य बहुतांशी जगून घेतले आहे त्यांच्यापेक्षा ज्यांच्यापुढे ते अजून आहे त्यांना आधी वाचवावे, असा त्यामागील विचार होता. हा निर्णय क्रूर आहे याची जाणीवही न्यायमूर्तींनी बोलून दाखविली.

या विचारात दोन वेगवेगळे निकष एकत्र आले आहेत. ते सुटे करून पाहिले पाहिजेत. पहिला लाभाचा: औषध दिल्याने ज्याचे प्राण वाचण्याचा संभव अधिक, त्याला ते द्यावे. तरुणांत हा संभव पुष्कळदा अधिक असतो, पण नेहमीच नाही. सत्तर वर्षांचा काटक शेतकरी तीस वर्षांच्या मधुमेह्यापेक्षा चांगला प्रतिसाद देऊ शकतो. येथे वय हे केवळ एक अंदाजाचे साधन आहे आणि वैद्यकीय तपासणी त्याहून चांगले साधन देऊ शकते. दुसरा निकष आयुष्याच्या वाट्याचा: प्रत्येक माणसाला बालपण, तारुण्य, वार्धक्य या साऱ्या अवस्था पाहण्याची संधी मिळावी आणि ज्याला ती अजून मिळालेली नाही त्याचा हक्क मोठा. येथे वयच निर्णायक ठरते. आपल्या समाजाला हा विचार एकाच वेळी पटतो आणि बोचतो. नातवाला वाचवा, माझे काय, असे म्हणणारे आजोबा घरोघरी सापडतील. परंतु आजोबांनी स्वेच्छेने म्हटलेले हे वाक्य न्यायालयाने किंवा शासनाने त्यांच्या वतीने म्हणणे, यात मोठे अंतर आहे. त्याग स्वतःचा करता येतो; दुसऱ्याच्या नावाने केला म्हणजे तो त्याग राहत नाही.

एक बालक आणि अनेक

आतापर्यंतच्या उदाहरणांत दोन रोगी एकमेकांसमोर होते. पुष्कळदा तसे नसते. एक रोगी समोर असतो आणि दुसरे केवळ आकड्यांत असतात. दिल्लीतील एका रिक्षाचालकाच्या मुलाला गॉशे हा दुर्मीळ आनुवंशिक रोग होता. शरीरातील एका विकराच्या अभावाने होणाऱ्या या रोगावर तो विकर बाहेरून देण्याचा उपचार आहे, पण तो आयुष्यभर द्यावा लागतो आणि त्याचा खर्च दरमहा लाखांच्या घरात जातो. १७ एप्रिल २०१४ रोजी न्यायमूर्ती मनमोहन यांनी दिल्ली उच्च न्यायालयात निर्णय दिला की, केवळ दारिद्र्यामुळे या बालकाला मृत्यूच्या हवाली करता येणार नाही. दिल्ली सरकारने त्याच्यावरील उपचारांचा भार उचलावा.

या निर्णयाने कोणाही सहृदय माणसाचे समाधान होईल. परंतु खजिन्याजवळ बसलेल्याला दुसरा हिशेब दिसतो. त्याच रकमेत किती बालकांना लस देता येईल, किती क्षयरोगी बरे होतील, किती प्रसूती सुखरूप होतील? ती बालके न्यायालयात आलेली नसतात. त्यांचे चेहरे कोणी पाहिलेले नसतात. समोरच्याला वाचवावे ही मानवी भावना, आणि न दिसणाऱ्यालाही तितकाच हक्क आहे ही न्यायाची मागणी, या दोहोंमधील हा संघर्ष आहे. आणि त्याला आणखी एक बाजू आहे. केवळ संख्येचा हिशेब मानला, तर दुर्मीळ रोग झालेल्याला कधीच काही मिळणार नाही, कारण त्याचा उपचार नेहमीच महाग आणि त्याचे सोबती नेहमीच थोडे असणार.

केंद्र सरकारने ३० मार्च २०२१ रोजी दुर्मीळ रोगांविषयी राष्ट्रीय धोरण जाहीर केले. आरंभी एकदाच उपचार करून बऱ्या होणाऱ्या रोगांसाठी २० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद होती; २०२२ साली ती मर्यादा सर्व गटांतील रोगांसाठी ५० लाख करण्यात आली. त्यासाठी नेमलेल्या केंद्रांत दिल्लीची आयुर्विज्ञान संस्था व मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालय यांच्याबरोबर मुंबईचे के. ई. एम. रुग्णालयही आहे. मर्यादा घालणे म्हणजे दोन्ही बाजूंना अर्धवट होकार देणे होय. ज्या बालकाला आयुष्यभर औषध हवे आहे त्याची ५० लाखांची मर्यादा एके दिवशी संपते, आणि तोच प्रश्न पुन्हा दारात उभा राहतो.

दिलेले काढून घेणे

सर्वांत कठीण प्रसंग मात्र खाटेपाशीच येतो. श्वसनयंत्रावर असलेल्या रोग्याची आशा जवळजवळ मावळली आहे आणि वाचण्याजोगा दुसरा रोगी बाहेर आहे. पहिल्याचे यंत्र काढून दुसऱ्याला लावावे काय? तर्काच्या दृष्टीने न देणे आणि दिलेले काढून घेणे यांत फरक नाही, असे अनेक विचारवंत मानतात. पण ज्या हातांनी यंत्र बंद करावयाचे त्या हातांना तो फरक जाणवल्यावाचून राहत नाही. भारतातील कायद्याने येथे एक रेषा आखली आहे. अरुणा शानभाग यांच्याविषयीचा २०११ चा निर्णय, २०१८ चा घटनापीठाचा निर्णय आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याच्या कार्यपद्धतीत केलेल्या सुधारणा यांमुळे निरर्थक ठरलेले जीवरक्षक उपचार थांबविता येतात; परंतु त्यासाठी वैद्यकीय मंडळांची संमती लागते आणि विचार त्या रोग्याच्याच प्रतिष्ठेचा व हिताचा करावा लागतो. दुसऱ्याला यंत्र हवे आहे, हे कारण त्या चौकटीत बसत नाही. महासाथीच्या काळात हा प्रश्न निवासी डॉक्टरांच्या खांद्यावर नियमांच्या आधाराविना पडला. पंचविशी-तिशीतील तरुण डॉक्टरांनी रात्रपाळीत एकट्याने असे निर्णय घ्यावे, ही अपेक्षा करणे हा त्यांच्यावर आणि रोग्यांवर सारखाच अन्याय आहे.

न्याय्य पद्धतीची अंगे

या साऱ्या विवेचनावरून असे दिसेल की, पाच निकषांपैकी कोणताही एक निकष सर्व प्रसंगी पुरेसा नाही. निकषांवर एकमत होणे कठीण असले, तरी पद्धतीवर ते होऊ शकते, आणि न्यायाचा मोठा भाग पद्धतीत असतो.

पहिली गोष्ट, निकष आधी आणि जाहीरपणे ठरले पाहिजेत. रोगी दारात आल्यावर ठरविलेला निकष कितीही शुद्ध असला तरी त्याच्याकडे संशयानेच पाहिले जाईल. दुसरी, उपचार करणारा आणि निवड करणारा वेगळा असावा. रोग्याला आपला डॉक्टर आपल्या बाजूचा आहे असे वाटले पाहिजे. मुंबई महापालिकेने २०२० साली २४ प्रभागांत नियंत्रण कक्ष उघडून खाटांचे वाटप तेथून केले. रुग्णालयाच्या दारातील गर्दीतून निवड हलवून ती वैद्यकीय अवस्थेच्या नोंदीवर आणण्याचा तो प्रयत्न होता आणि मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीला त्याचा अभ्यास करण्याची सूचना केली. तिसरी, निर्णयाविरुद्ध दाद मागण्याची सोय, मग ती तासाभरातील फेरविचाराची का असेना, हवी. आणि चौथी, नोंद ठेवली पाहिजे. जुलै २०२१ मध्ये राज्यसभेत केंद्र सरकारने सांगितले की, प्राणवायूच्या अभावाने मृत्यू झाल्याची स्वतंत्र नोंद राज्यांनी कळविलेली नाही. ज्या मृत्यूचे कारण कागदावर येत नाही, त्याबद्दल कोणाला जाब विचारता येत नाही आणि पुढच्या वेळी किती टन लागतील याचा हिशेबही करता येत नाही.

यापलीकडे सिॲटलचा धडा आहेच. निवड कशी करावी या प्रश्नाइतकाच, निवड करावी लागते का, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. दिल्लीत शासनाकडून सवलतीच्या दराने जमीन घेणाऱ्या खासगी रुग्णालयांनी १० टक्के खाटा आणि बाह्यरुग्ण विभागातील २५ टक्के सेवा गरिबांना मोफत द्याव्यात, असा आदेश उच्च न्यायालयाने २००७ साली दिला; जमिनी त्याच्या कितीतरी आधी दिल्या गेल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हे बंधन कायम केले. त्या मधल्या वर्षांत खाटा होत्या. त्या मोकळ्या असूनही गरिबाला मिळत नव्हत्या. याला टंचाई म्हणता येणार नाही. टंचाईचे बरेचसे प्रकार असे असतात: काही निसर्गाने आलेले, काही अर्थसंकल्पाने आणलेले, आणि काही केवळ करार न पाळल्याने निर्माण झालेले. डॉक्टरला यांपैकी पहिल्या प्रकाराशी झुंजावेच लागेल. उरलेल्या दोहोंचे उत्तर त्याने खाटेशेजारी उभे राहून द्यावे, अशी अपेक्षा नागरिकांनी धरू नये. ते उत्तर ज्यांनी द्यावयाचे त्यांच्याकडेच मागावे.